लिलीचा नायटा

“अगं, लिलीचं पोट कुणी भादरलं?” गावाहून परतलेल्या अच्युतरावांनी हातातली बॅगही न ठेवता विचारलं.

“नायटा झाला होता. डॉक्टरांनी केस काढले,” पोळी लाटता लाटता शैलजानं ठोकून दिलं.

पर्शियन मांजरांची पिल्लं विकायचा धंदा नवऱ्याचा. लिली एका बाळंतपणातून उठते न उठते तोच अच्युतराव पुन्हा बोका आणायचे. पिल्लं अंगावर पीत असतानाच विकली जायची आणि मग लिली त्यांना पलंगाखाली, पिठाच्या डब्यामागे, चपलांच्या स्टँडमध्ये हुडकत ओरडत फिरायची. अच्युतराव गिऱ्हाइकांकडे निघून जात. ते ओरडणं ऐकायला घरात उरायची शैलजा.

त्या नायट्यानंतर दोनदा बोका आणून झाला, तरी लिली काही गाभण राहिली नाही. अच्युतराव वैतागले. “वांझ झाली वाटतं! देऊन टाकू कुणाला तरी.”

“अहो, वांझ मांजर घेणार कोण? पडून राहील घरात,” शैलजा तिच्या अंगावरून फणी फिरवत म्हणाली.

लिली मांडीवर घुरघुरत होती. पुन्हा दाट उगवलेल्या केसांखालचा ऑपरेशनचा व्रण फक्त शैलजाच्या बोटांना ठाऊक होता.