लाल काच

रेल्वेची नोकरी संपल्यापासून गँगमन दिलावरला एकच नाद लागला होता. लाइनीवरचे जुने, मोडके कंदील तो कारंज्याच्या भंगारवाल्याकडून उचलून आणायचा आणि दुरुस्त करून ठेवायचा. बायको अख्तरी रोज कपाळावर हात मारायची, "कायले आणता हे डबडे? घरात पाय ठेवाले जागा नाही राह्यली."

आज त्यांच्या मुलीची, मेहरुन्निसाची, पाठवणी होती. तिचा भाऊ गुलाम नबी छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीवर ड्रायव्हर, पण बहिणीच्या लग्नालाही त्याला रजा मिळाली नव्हती. "संध्याकाळी घरामागून गाडी जाईन तवा शिट्टी मारतो," एवढंच तो म्हणाला होता.

पाहुण्यांची उठबस करून दिलावरचं अंग मोडून आलं होतं. दारात नवरीसाठी बैलांची दमणी जुंपली, शिट्टी ऐकू आली, आणि पोरगी बापाच्या गळ्यात पडली. पण गाडी पुढे गेलीच नाही. घरामागेच करकचून थांबली. काळ्या हातांनी, घामेजल्या अंगानं नबी अंगणात धावत आला आणि त्यानं बहिणीला छातीशी धरलं.

लाल दिवा दिसल्याशिवाय नबी गाडी थांबवायचा नाही, हे दिलावरला पक्कं ठाऊक होतं. रुळावर काय अपघात झाला ते पाहायला तो दुखरे गुडघे ओढत घरामागे गेला.



रुळांच्या मधोमध, हातात लाल काचेचा कंदील धरून, अख्तरी उभी होती. थकल्या आवाजात म्हणाली, "घरातल्या डबड्यांतला हिरवा कोणता, तो काढून ठेवा. पण घाई नका करू."