नळीतला ओलावा

नवऱ्याच्या श्वासयंत्राच्या धुतलेल्या नळीचे एक टोक मुठीत धरून तिने ती न्हाणीघरात गरगर फिरवली. आत अडकलेले थेंब भिंतीवर उडाले. मग दोन्ही टोके खाली लोंबतील अशी नळी तिने पडद्याच्या दांडीवर टाकली. उन्हात नाही, उन्हाने ती कडक होते. ओली तर मुळीच ठेवायची नाही. आत बुरशी धरते आणि रात्रभर माणसाच्या छातीत उतरत राहते.

धुण्यावाळवण्याचे तिला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करून ती उजाडल्यावर घरी येई. परक्यांच्या वेदनांनी मळलेल्या चादरी धुता धुता तिचा एवढ्याच गोष्टीवर विश्वास उरला होता: माणूस खोटे बोलतो, ओल बोलत नाही.

"आई, लावलं होतं ना यांनी रात्री?"

"रोज तेच काय विचारतेस?" सासूबाई दारातून म्हणाल्या. हवेत गारठा आल्यापासून त्यांचा मफलर सकाळी डोक्यावरून, कानांवरून, थेट गालांपर्यंत गुंडाळलेला असे. दाढेखाली लवंग. "नळी ओली आहे की नाही? झालं तर मग."

धुण्याआधीच नळी श्वासाच्या वाफेने आतून ओली होती. मास्कच्या रबराला रात्रभराच्या श्वासांची पुसट साय चिकटली होती. तिला तेवढे पुरे होते.

एका उतारावर बस चालवताना तिच्या नवऱ्याचा डोळा लागला होता. क्षणभरच. बस कठड्याला घासत घासत थांबली. कुणाला खरचटलेही नाही. पण तपासणी झाली आणि कळले, झोपेत त्याचा श्वास अडकतो, त्यामुळे त्याची झोप कधी पुरीच होत नाही. मालकांनी त्याला चालकाच्या जागेवरून उठवून आगारात बसगाड्या धुवायला लावले. रोज रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र लावून झोपतो असा डॉक्टरांचा दाखला आणला, तरच पुन्हा गाडी हातात.

"आपलं सगळं घरच धोब्याचं झालंय," तो हसून म्हणे. "तू चादरी धू, मी बसगाड्या. कोरडी राहिली ती एकटी आई."

पण त्या हसण्याला तळ नव्हता. बसखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते, आणि दुसरे काही यावे असे त्याला कधी वाटलेही नव्हते.

यंत्र आले त्या रात्री तिने रजा घेतली होती. मास्क चढवताच तो बुडता माणूस वर यावा तसा उठून बसला.

"जीव गुदमरतो गं. कुणी तोंडावर उशी दाबतंय असं वाटतं."

"सवय होईल हो."

"सवय होईपर्यंत मी राहायला हवा ना!"

पहाटेपर्यंत त्याने मास्क कितीदा ओरबाडून काढला, याची गणती नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिची पाळी सुरू झाली. काही सकाळी नळी कोरडीच मिळाली. मग एके दिवशी ती ओली लागली.

"जमलं?" तिने हरखून विचारले.

"आईनं मार्ग काढला," तो म्हणाला आणि बुटांच्या नाड्या बांधत बसला.

तरीही मनात एक कुसळ सलत राहिले. जेवता जेवता, हातात घास तसाच धरून, तो अजून पेंगत असे. "कित्येक वर्षांची थकबाकी आहे झोपेची," तो म्हणे, "एवढ्यात कशी फिटेल?" यंत्र नुसते उशीवर चालू ठेवत असेल का? अखेर दाखल्याच्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारूनच टाकले.

डॉक्टरांनी यंत्रातली रोजची नोंद उघडून संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "रिकामं चाललं असतं तर इथं लगेच दिसलं असतं. हा झोपलेल्या माणसाचाच श्वास आहे, ताई. आणि पाहा तरी कसा आहे! कुठं अडकणं नाही, धडपड नाही. जणू कधी काही झालंच नव्हतं."

तो मान खाली घालून बसला होता. तिला वाटले, लाजला. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ती जिन्यातच रडली, आणि त्याच्यावर संशय घेतल्याबद्दल मनातल्या मनात तिने स्वतःचे कान उपटले.

आज त्याची पहिली फेरी होती. तो अंधारातच आगारात गेला होता. पाळीवरून येताच तिने नेहमीप्रमाणे नळी धुतली, मास्क धुतला, पट्ट्या धुतल्या. मास्कला लवंगेचा पुसट वास येत होता. सासूबाईंच्या घरात कशाला येत नसे?

"गाडी कोपऱ्यावरूनच जाते. एक फेरी बसून ये," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हीही चला ना, आई."

"मी कशाला? माझं काम झालं." त्या किंचित थांबल्या. "आता पुढचं त्याचं तो बघेल."

तरी त्या थांब्यापर्यंत आल्या. बस आली, तो इस्त्रीच्या गणवेशात, उंच आसनावर, एखाद्या परत मिळालेल्या माणसासारखा बसलेला. बस जवळजवळ भरलेली होती. एका बाईच्या मांडीवर तान्हे मूल झोपले होते. ती आत चढली आणि पुढच्या खिडकीची जागा मिळताच सासूबाईंकडे बाहेर वाकली.

सासूबाईंनी निरोपाला हात उंचावला. वाऱ्याने मफलर सुटून खांद्यावर घसरला.

त्यांच्या दोन्ही गालांवर, नाकापासून कानांपर्यंत, लाल वळ उमटले होते. रोज सकाळी ती मास्कच्या ज्या पट्ट्या वाळत घालत असे, बरोबर त्यांच्याच रुंदीचे.

बस वळली. पुढे उतार होता. आरशातून तो तिच्याकडे पाहून हसू लागला, आणि ते हसू अर्ध्यावरच एका लांब जांभईत विरून गेले.