टेकडीवर एकटी

मुलांनो, एक बोडकी टेकडी डोळ्यांपुढे आणा. झाडं नुकतीच तोडलेली, जिकडेतिकडे बुंधे. खाली अमेरिकेतली ओहायो नदी आणि तिच्या काठाला गाव. टेकडीला नवंकोरं पांढरं कुंपण आहे, लोखंडी फाटक आहे, आणि एवढ्या मोठ्या आवारात कबर मात्र एकच. वरची माती अजून ओली. आता त्या कबरीपाशी नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. तिचं नाव हेटी. कबर तिच्या आईची.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. पण आज सकाळी तिला नदीकाठच्या जुन्या दफनभूमीतून काढून इथे वर आणलं होतं. आणलं होतं हेटीच्याच वडिलांनी. अ‍ॅन्सेल थर्लो, लाकूड कापायच्या गिरणीचे मालक आणि गावाचे नगराध्यक्ष. नदी दर वसंतात जुन्या दफनभूमीचा काठ खात होती. गेल्या पुरात तीन शवपेट्या वाहून गेल्या, तेव्हा थर्लोंनी ही टेकडी गावाला देऊन टाकली. पण आपलं माणूस हलवायला गावात कोणी तयार होईना. म्हणून त्यांनी आपल्यापासून सुरुवात केली.

“मित्रहो, वाट दाखवून झाली,” थर्लो जमलेल्यांना म्हणाले. खिशातलं घड्याळ त्यांनी काढलं, उघडलं, मिटलं. “आता पुढचं कोण?”

कोणी टोपी फिरवत होतं, कोणी बुटाची माती बुंध्याला पुसत होतं.

शेवटी शेजारच्या क्रँडलबाई पुढे झाल्या. “थर्लोसाहेब, तुम्हाला वसवायची सवयच लागलीय. आधी गाव वसवलंत, आता हे. जिवंत माणसाला गिरणीत काम दिलं की तो येतो हो. मेलेल्यांना काय देणार?”

मागे दोघं-तिघं हसले.

“नदी थांबणार नाही, बाई.”

“माझा ओरिन गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. अंधाराला घाबरायचा. तिथे तो आजोबांच्या कुशीला आहे. त्याला उचलून या बुंध्यांमध्ये एकटा टाकू?”

“आजोबांपासून काठ सहा हातांवर आलाय.”

“मग नेईल दोघांना एकदम,” क्रँडलबाई म्हणाल्या आणि त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

थर्लो कबरीला एक फेरी घालून आले. नदीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ काढलं. खाली गिरणीचा भोंगा वाजला, तशी माणसं एकेक करून फाटकाकडे निघाली.

हेटीने वडिलांच्या कोटाची बाही ओढली. “पप्पा, आज अजून कोण येणार इथे?”

“आज कोणी नाही.”

“उद्या?”

“बघू.”

“म्हणजे आई एकटीच?”

“कुणीतरी पहिलं यावंच लागतं, हेटी.”

“मग तुम्ही का नाही आलात?”

थर्लो तरातरा कुंपणाकडे गेले आणि चांगला भक्कम उभा असलेला एक खांब हलवून पाहू लागले. बराच वेळ हलवत राहिले.

हेटी क्षणभर त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग वळली आणि पळत सुटली. फाटकात तिने क्रँडलबाईंना गाठलं आणि त्यांचा हात धरला.

“काकू, ओरिन आमच्याकडे झोपायला यायचा, आठवतं?”

“आठवतं, बाळ.”

“तो झोपेपर्यंत माझी आई त्याच्याजवळ बसायची. मी म्हणायचे, चल ना आता. तर म्हणायची, थांब गं, डोळा लागू दे त्याचा.”

क्रँडलबाईंनी हात सोडवून घेतला नाही. हेटी त्यांना ओढत परत वर घेऊन आली. मागे राहिलेली माणसं थांबली. खांबावरचा थर्लोंचा हातही थांबला.

आईच्या कबरीच्या डाव्या अंगाला गवत कोवळं होतं. तिथे हेटीने बुटाच्या टाचेने जोर लावून एक रेघ ओढली. मग दुसरी. तिसऱ्या रेघेपाशी ती अडली.

“ओरिन केवढा होता हो, काकू?”

क्रँडलबाईंनी हात छातीपर्यंत उचलला आणि मग जरा खाली आणला.

मग हेटी स्वतःच त्या रेघांमध्ये आडवी झाली, आणि ओरिनएवढी होण्यासाठी तिने गुडघे पोटाशी ओढून घेतले.