बंद शाळेपुढे वीस

नाग चावून अर्धा तास होत आला होता आणि हेमांगीची गाडी तिसाच्या वर जायला तयार नव्हती. शेजारी तिचे वडील, ज्यांना ती भाऊ म्हणायची, जड झालेल्या पापण्या उघड्या ठेवायची धडपड करत होते. हेमांगीने ॲक्सिलरेटरवर पाय पार दाबून धरला होता. पण नवा कायदा आल्यापासून गाडीचा वेग रस्ता ठरवायचा, चालवणारा नव्हे.

तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला. "माझ्या वडलांना साप चावलाय. दवाखाना अजून बारा किलोमीटर आहे. वेग वाढवून द्या!"

"ताई, सवलत फक्त रुग्णवाहिकेला आहे," पलीकडची बाई म्हणाली.

"ती मिळाली नाही म्हणून तर मीच निघाले! रस्त्यावर चिटपाखरू नाही. बघा ना कॅमेऱ्यात!"

"दिसतंय मला." बाईचा आवाज खाली आला. "पण पुढे शाळा आहे. तिथे वीस."

"ती बंद पडून चार वर्षं झाली हो!"

"यादीतून काढलेली नाही. मला बदलता येत नाही, ताई. खरंच येत नाही."

गाडी आपोआप मंदावली. कुलूप लावलेलं फाटक, गवत माजलेलं मैदान सावकाश मागे सरकू लागलं. भाऊंचे ओठ हलले, पण शब्द उमटला नाही. हेमांगीने एक हात त्यांच्या छातीवर ठेवला. छाती एकदा वर आली आणि मग हाताखाली काहीच हललं नाही.

"भाऊ! अहो भाऊ!"

"ताई, शाळा संपली," फोनमधली बाई घाईघाईने म्हणाली. "आता हमरस्ता, साठ आहे. पळवा गाडी!"

हेमांगीने पाय काढून घेतला होता.