अंबाडीची जुडी

सोलापुरातल्या आपल्या कॉलनीच्या मोकळ्या जागेतला कचरा उपसून दानम्मानं शेजारणींसोबत भाज्या लावल्या. दर आठवड्याला घरोघरी जुड्या वाटल्या जायच्या. तिचा नवरा पंचाक्षरी मात्र त्यांना कधी शिवला नाही. "उकिरड्यावरची भाजी हाय ती. मी न्हाय खानार," म्हणायचा.

एके दिवशी दुपारी दानम्मा बसल्या जागी गेली. संध्याकाळी तिला माती देऊन तो परतला, तेव्हा शेजारच्या ऋतुजानं त्याच्यापुढं भाकरी आणि अंबाडीची भाजी ठेवली. दिवसभराचा उपाशी तो, मान खाली घालून जेवला. मग ताट पुढं करत म्हणाला, "लई ग्वाड झालीया. आनखी हाय का, पोरी?"


ऋतुजानं ताट हातातून घेतलं. "संपली, काका. सकाळी काकूंनीच तुमच्या वाट्याची जुडी दिली होती. म्हणाल्या, 'आमच्यात कोन खातंय, तू ने.'"