नळीखालचं वजन

“हे मी लावणार नाही.” बापूराव शेलारांनी पितळी वजन टेबलावरून राजनंदिनीकडे परत सरकवलं. “आधी गालाला टेकायची उंच पट्टी आणलीस, लावली. मग खांद्यात अडकवायचा आकडा आणलास, तोही लावला. आता नळीखाली पाव किलो. अगं, या रायफलचा दस्ता प्लॅस्टिकचा आहे. हलका म्हणूनच घेतला ना? मग राहू दे की हलका.”

“त्यांचा डावा हात थोडा हलतो, बापूकाका. पुढे वजन असलं की नळी डुलत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं ते लाकडी दस्त्यावर.”

नारायण पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानाबाहेर पाटी होती, ‘एअर रायफल दुरुस्ती. सल्ला फुकट आहे, म्हणूनच कोणी ऐकत नाही.’ राजनंदिनी बाराव्या वर्षापासून ती पाटी वाचत होती आणि बापूरावांचं ऐकतही होती. आता ती बालेवाडीला रेंजवर मुलांना नेमबाजी शिकवायची.

रायफल कोणाची, हे मात्र तिने महिनाभर धड सांगितलं नव्हतं. साठी उलटली आहे, हट्टी आहेत, दुकानात माप द्यायला येणार नाहीत, एवढंच. रविवारी ज्येष्ठांच्या सामन्यात त्यांना उतरवायचं होतं. बापूरावांनी मनाशी हिशेब मांडून टाकला होता. बाणेरकडचा कोणीतरी जमीनवाला असणार. शेत बिल्डरला गेलं, तिथे टॉवर उभा राहिला, आता दिवस सरत नाही. हौसेला मोल नसतं.

“बांधा कसा आहे म्हणालीस?” पट्टी लावताना त्यांनी विचारलं होतं.

“तुमच्यासारखाच. तुम्हीच धरून बघा.”

“म्हणजे शिंप्याकडचा पुतळा मी,” असं पुटपुटत त्यांनी पट्टी स्वतःच्या गालाला आणि आकडा स्वतःच्या खांद्याला बसवून घेतला होता.

वजन लावायला मात्र त्यांचं मन खरोखर धजत नव्हतं. दुधाने तोंड पोळलं होतं. बावीस वर्षांपूर्वी राष्ट्रीय संघाच्या निवडीला बापूराव स्वतः उभे होते. प्लॅस्टिकचे दस्ते तेव्हा नवे होते. बाजूच्या नेमबाजाचे गुण पुढे गेले की आपण नळीखाली आणखी एक वजन चढवायचं, अशी त्या काळी सगळ्यांचीच खोड. बापूरावांनी सकाळी तिसरं चढवलं आणि स्क्रू अर्धा फेरा जास्तच पिळला. एकेचाळिसाव्या गोळीला दस्ता मानेपाशी, जिथे मूठ येते तिथे, कडकन गेला. तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकावर होते. रायफल पेटीत गेली आणि बापूराव पुन्हा कधी नेमबाजांच्या रांगेत उभे राहिले नाहीत. दुसऱ्या कोणावर तसा दिवस येऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी दुकान टाकलं होतं.

“तो माणूस उभा राहील, आणि माझ्या हातचं काम त्याच्या हातात मोडेल,” ते म्हणाले. “मला झोप लागेल का?”

“म्हणून तर तुमच्याकडे आणली.”

 बापूरावांनी चष्मा चढवला आणि दस्ता उघडला.

नुसत्या वजनाने असा दस्ता मोडत नाही, उचलण्या-ठेवण्याने मोडतो. साठ गोळ्या म्हणजे साठदा उचलायचा आणि साठदा खाली आणायचा. दर वेळी सगळा ताण मानेवर, आणि मान आतून पोकळ. त्यांनी त्या पोकळीत ॲल्युमिनियमचा ठोकळा घासून घासून बसवला. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये थेट न पिळता प्रत्येकाला पितळी पुंगळी दिली. पाव किलोचं वजन कापून निम्मं केलं. मग नळीला किलोभर वाळूची पिशवी बांधून रायफल सलग तीन दिवस, रोज दोनशेदा, स्वतः उचलली आणि ठेवली. खांदे भरून आले. चौथ्या दिवशी मानेवर पावडर चोळली. चीर असती तर पांढरी रेघ उमटली असती. उमटली नाही.

“नेम बघा ना एकदा,” राजनंदिनी म्हणाली.

मागच्या बोळात, दहा मीटरवर, बापूरावांनी दहा गोळ्या झाडल्या. कार्डावर रुपयाएवढ्या जागेत सगळी भोकं. तिने कार्ड नीट बघितलं आणि पर्समध्ये ठेवलं.

“त्यांना दाखवते.”

“दाखव. म्हणावं, रायफल चांगली आहे, आता माणसाने लाज राखावी.”

रविवारी सकाळी बापूराव इस्त्रीचा शर्ट घालून बालेवाडीला गेले. रायफलवर शेवटचा हात फिरवायला, असं ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना तो माणूस बघायचा होता. आणि थोडा हेवाही वाटत होता, हे त्यांनी बसमध्ये स्वतःशी कबूल केलं होतं.

चौदा नंबरच्या जागेवर रायफल स्टँडला टेकून उभी होती. जाकीट खुर्चीवर होतं. माणसाचा पत्ता नव्हता. शेजारच्या जागांवर पिकल्या केसांची मंडळी कानांत बोळे घालत होती.

“पाच मिनिटं राहिली,” बापूराव चिडून म्हणाले. “इतकी मेहनत केली आपण, आणि हे गृहस्थ अजून अंथरुणात. घाबरले असतील.”

“घाबरलेत थोडे,” राजनंदिनी म्हणाली. “पण आलेत.”

“कुठे आहेत? मी बोलतो त्यांच्याशी. दस्ता मोडणार नाही, माझी खात्री आहे, सांगतो त्यांना.”

“सांगा.” तिने टेबलावर चिकटवलेल्या छापील चिठ्ठीकडे बोट केलं.

बापूरावांनी चष्मा पुसला आणि वाकून वाचलं. ज्येष्ठ गट, जागा चौदा, बापूराव गेनबा शेलार.