तेवीस सभांचा तक्ता

तेविसावी ओळही लाल निघाली. पक्षाच्या कार्यालयात आकडेमोड करणाऱ्या मामांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वजाबाक्या पुन्हा करून पाहिल्या. आकडे जागचे हलले नाहीत.

विरोधी बाकांवर बसून पक्षाला आठ वर्षं झाली होती. गेल्या दोन वर्षांत सहा पोटनिवडणुका झाल्या आणि सहाही ठिकाणी पक्ष आपटला. आता अकरा वाजता कार्यकारिणी बसायची होती आणि अध्यक्ष ताई राहणार की जाणार, याचा निकाल लागायचा होता. त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या उपाध्यक्षांनी मामांकडून मुद्दाम एक तक्ता मागवला होता. ताईंनी जिथे जिथे सभा घेतली, तिथे मतं मागच्या निवडणुकीपेक्षा वाढली की घटली? मामांनी ताईंच्या ड्रायव्हरच्या वहीतून सभांची ठिकाणं उतरवून घेतली आणि समोर मतं मांडली. सभा तेवीस, आणि घट तेवीसही ठिकाणी. जिथे ताई फिरकल्याच नव्हत्या, तिथे मात्र पक्षाचं बरं चाललं होतं.

कार्यालयात कुजबुज आधीपासूनच होती. बाईंचा पायगुणच तसा, म्हणे. प्रचाराला बोलावलं की उमेदवार पडलाच म्हणून समजा. चहा पिताना लोक हसून घेत. मामांचा पायगुणावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांचा तक्ताही नेमकं तेच सांगत होता, आणि तेही दशांश चिन्हासकट.

एकतीस वर्षं मामा आकडे मांडत आले होते. मतांचा अंदाज असा करत, की चूक झालीच तर पाच-दहा मतांची. चार अध्यक्ष आले आणि गेले, पण कोणाच्या सांगण्यावरून त्यांनी आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. म्हणून तर एकमेकांचं तोंड न पाहणारे गटही मामांच्या तक्त्यापुढे निमूट मान डोलवत. ताई मात्र त्यांना मनापासून आवडायच्या. मामांचे गुडघे धरलेले पाहून त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणाऱ्या त्या पहिल्याच अध्यक्ष. ताईंच्याच मुळावर येणारा कागद आपल्या हातून तयार व्हावा, याचं मामांना फार वाईट वाटत होतं.

ज्याच्याबद्दल तक्ता, त्याला तो आधी दाखवायचा, ही मामांची रीत. ते पहिल्या मजल्यावर ताईंच्या खोलीत गेले. ताई टेबलाचा खण रिकामा करत होत्या. त्यांनी कागद उभ्याउभ्याच वाचला, एकेका ओळीवरून बोट फिरवत.

“आकडे बरोबर आहेत, मामा.”

मामांना राहवेना. एकतीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आज निघालं. सभांचा रकाना गाळू का, त्यांनी विचारलं. नुसती एकूण मतं दिली, तरी तक्ता काही खोटा ठरत नाही. ताई हसल्या. मग उद्यापासून तुमच्या तक्त्याला विचारणार कोण, म्हणाल्या. निदान बैठकीत आपली बाजू तरी मांडा, असं मामांनी अगदी काकुळतीला येऊन सांगितलं.

“सहा वेळा हरलेल्या माणसानं कारणं सांगू नयेत, मामा. लोक ऐकत नाहीत, नुसते हसतात.”

मग त्यांनी खणातून एक पाकीट काढून मामांच्या हातात ठेवलं. तुमचे कागद तुम्हाला परत, फार उपयोग झाला, एवढंच बोलून त्या तक्ता घेऊन बैठकीला निघून गेल्या.

पाकिटात सहा याद्या होत्या. अक्षर मामांचंच होतं. दर निवडणुकीआधी अध्यक्ष त्यांच्याकडून अशी यादी मागून घेत. यंदा कुठल्या वस्त्यांत धुव्वा उडणार आणि तिथे किती मतं पदरात पडणार, हे त्यात लिहायचं. मागचे चारही अध्यक्ष ती यादी खिशात घालत आणि त्या वस्त्यांच्या वाटेलाही जात नसत. बुडत्या जागी घसा कोण कोरडा करणार? न जायच्या ठिकाणांचं पुढे कोणी काही विचारत नाही, म्हणून मामा नक्कलही ठेवत नसत. यादी एकदा दिली, की विसरून जात. ताईंनाही ती तेवढ्यासाठीच हवी असणार, असं ते धरून चालले होते.

पहिल्या यादीच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘येथे वेळ घालवू नये.’ खाली पहिलं नाव वीटभट्टीमागच्या वस्तीचं. मागच्या वेळी तीनशे मतं. आता भट्टीचा मालकच समोरच्या पक्षात गेलेला, तेव्हा जास्तीत जास्त साठ. नावापुढे ताईंच्या हिरव्या शाईत खूण होती आणि सभेची तारीख. खालच्या नावापुढेही खूण होती, त्याखालच्याही. मामांनी सगळ्या याद्या चाळल्या. नावं तेवीस होती आणि खुणाही तेवीसच.

वीटभट्टीमागे मतं पडली होती दोनशे बारा. सकाळीच मामांनी हा आकडा लाल शाईत लिहिला होता. बाकीचे बावीसही त्यांना तोंडपाठ होते. सगळे त्यांच्या अंदाजाच्या वर होते, कुठे दुप्पट, कुठे तिप्पट. मामांना आपल्या लाल शाईची लाज वाटली.

बैठकीच्या दालनात मामांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचा कागद आत जाई आणि ते बाहेर राहत. आज ते कठड्याला धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. आत उपाध्यक्ष तेविसावी ओळ खड्या आवाजात वाचून दाखवत होते आणि ताई शांतपणे ऐकत होत्या. मामांनी दार लोटलं.

“तक्ता अपुरा आहे,” ते धापा टाकत म्हणाले. “एक रकाना राहिलाय. माझ्या अंदाजाचा.”